ब्रिटन: काटकसर सरकारने केली, उधारी कोणाच्या नावावर चढली?

लेस्टरकर

इथल्या पेपरात, रेडिओवर, ऑफिसात डबा खाताना पैशाचा विषय निघाला की पाच मिनिटांत तो म्हातारे विरुद्ध तरुण या वळणावर जातो. एक बाजू म्हणते, पेन्शनवाल्यांनी घरं अडवली, ट्रिपल लॉक (पेन्शन दरवर्षी वाढणारच अशी सरकारी हमी) मिळवला, सगळं आपल्या पदरात पाडून घेतलं. दुसरी म्हणते, आजकालच्या पोरांना अंथरूण पाहून पाय पसरता येत नाहीत. मला हे दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

नोकरी सांभाळून आठवड्यातून एक दिवस मी एका मोफत कर्जसल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, क्रेडिट कार्डावर टीव्ही आणि सहली घेतलेली मंडळी इथे येत असतील. तशीही येतात. पगार होईपर्यंत उसने देणाऱ्या वॉन्गासारख्या कंपन्या जोरात होत्या तेव्हा त्यांचीच पत्रं टेबलावर असायची. जानेवारी २०१५ मध्ये एफसीएने (वित्त कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) त्यांना वेसण घातली: दिवसाला जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि व्याज-दंड सगळं धरून मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त वसुली नाही. वॉन्गा २०१८ मध्ये बुडाली. आता मात्र पिशवीतून जी पत्रं निघतात त्यात पहिला नंबर बहुतेक वेळा काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे काउन्सिलच्या (नगरपालिकेच्या) घरकराचा असतो. मग घरभाडं, वीज-गॅस, आणि सरकारनेच भत्त्यावर दिलेली उचल. पैसे मागणारा बहुतेक वेळा सरकार किंवा नगरपालिकाच.

एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. विशी ओलांडलेली मुलगी, वृद्धाश्रमात केअरर, एक लहान मूल. आश्रमाने तिचे तास कमी केले. काउन्सिल टॅक्सची थकबाकी तीनशे पौंडांच्या आत. एक हप्ता चुकला, स्मरणपत्र आलं, सात दिवसांत भरता आला नाही, तर हप्त्याने भरण्याची सोयच गेली आणि उरलेल्या वर्षाची रक्कम एकदम देय झाली. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आदेश, त्याचा खर्च तिच्याच डोक्यावर. मग प्रकरण बेलिफकडे, म्हणजे घरी येऊन वसुली करणाऱ्याकडे. २०१४ च्या नियमांप्रमाणे बेलिफने केस हातात घेतली की ७५ पौंड, दारात आला की आणखी २३५. म्हणजे थकबाकीपेक्षा वसुलीचा खर्च मोठा. तिने सगळे लिफाफे तारखेप्रमाणे लावून आणले होते, काही न फोडलेले. फोडायची भीती वाटत होती असं तिने सांगितलं.

आता मुद्द्याचं. २०१३ च्या एप्रिलपर्यंत इंग्लंडमध्ये इतक्या कमी उत्पन्नाच्या घराला काउन्सिल टॅक्सातून पूर्ण किंवा जवळपास पूर्ण सूट मिळायची. त्या महिन्यात केंद्र सरकारने ही योजना बंद केली, जबाबदारी काउन्सिलांवर ढकलली आणि त्यासाठीचा निधी दहा टक्क्यांनी कापला. सोबत एक अट घातली: पेन्शनच्या वयाच्या लोकांची सूट कमी करायची नाही. ही अट कायद्यातच आहे. म्हणजे दहा टक्क्यांची संपूर्ण कात्री कमावत्या वयाच्या गरिबांवर. पुष्कळ काउन्सिलांनी ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांनाही किमान हिस्सा भरायला लावला. या मुलीची आजी त्याच गल्लीत राहते, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनवाल्यांचा भत्ता) घेते, तिला काउन्सिल टॅक्स शून्य. नातीच्या दारात बेलिफ. आणि बेलिफला द्यायचे पैसे अखेर त्या आजीनेच आपल्या पेन्शनमधून दिले.

म्हणून "म्हातारे लुटतात" हे वाक्य मला झेपत नाही. त्या आजीने काय लुटलं? पण सरकारने केलेली निवड खरी आहे. २०१६ ते २०२० अशी चार वर्षं कमावत्या वयाचे बहुतेक भत्ते जागच्या जागी गोठवले. महागाई वाढली तरी एक पेनी जास्त नाही. त्याच चार वर्षांत ट्रिपल लॉकमुळे पेन्शन दरवर्षी निदान २.५ टक्क्यांनी वाढली. २०१७ पासून तिसऱ्या मुलाला भत्ता नाही असा नियम आला; तो रद्द करायची घोषणा व्हायला नोव्हेंबर २०२५ चं बजेट उजाडलं. युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमावत्या वयाच्या गरिबांच्या मुख्य भत्त्याचा) पहिला हप्ता मिळायला पाच आठवडे लागतात. तोवर खायचं काय, तर सरकार उचल देतं आणि पुढच्या भत्त्यांतून ती कापून घेतं. मदत मागायला आलेल्या माणसाचा पहिलाच व्यवहार कर्जाचा! या कपातीवर पूर्वी २५ टक्क्यांची मर्यादा होती, एप्रिल २०२५ मध्ये ती १५ केली, हे चांगलं झालं.

सरकारी खर्च "वाचला" असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा त्यातला किती भाग खरोखर वाचला आणि किती नुसता कुणाच्या तरी नावावर उधारी म्हणून चढला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझं ठाम मत असं की २०१० नंतरच्या काटकसरीचा मोठा हिस्सा दुसऱ्या प्रकारचा आहे. विद्यार्थ्यांच्या कर्जाचंही तेच. १९९८ पर्यंत इंग्लंडमध्ये पदवीला फी नव्हती. मग वर्षाला १,००० पौंड, २००६ ला ३,०००, २०१२ ला ९,०००. २०१२ च्या बॅचचा ३५,००० पौंड कमावणारा माणूस २०२५ च्या उत्पन्नमर्यादेप्रमाणे वर्षाला साधारण ५८८ पौंड भरतो. ४५,००० च्या कर्जावर व्याज त्याच्या दुपटीहून जास्त चढतं. तो नियमित भरतोय आणि आकडा वाढतोय.

तुमचं काय म्हणणं? विशेषतः जे इथे बरीच वर्षं आहेत त्यांनी लिहावं.

---

राघू

लेख आवडला, पण तुम्ही फार हळुवारपणे लिहिलंय. मी एकतीस वर्षांचा, लंडनमध्ये आयटीत. बरा पगार आहे आणि तरी अर्ध्याच्या आसपास भाड्यात जातो.

ट्रिपल लॉक गेला पाहिजे. तो चालतो कसा ते पाहा. महागाई, सरासरी पगारवाढ आणि २.५ टक्के, यातलं जे सर्वात जास्त ते. महागाई आधी भडकली म्हणून एप्रिल २०२३ ला पेन्शन १०.१ टक्के वाढली. पगार त्याच महागाईच्या मागे धावत वर्षभराने वाढले, तर त्याबद्दल एप्रिल २०२४ ला पुन्हा ८.५ टक्के. एकाच भडक्याची भरपाई दोनदा. आमच्या पगाराला एकदाही पूर्ण मिळाली नाही. सरकारी पेन्शनवर २०२४-२५ मध्ये सुमारे १३८ अब्ज पौंड गेले.

जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी हिवाळ्याचा इंधनभत्ता फक्त पेन्शन क्रेडिटवाल्यांपुरता ठेवला, तर केवढा गदारोळ झाला! वर्षभरात माघार, आता ३५,००० उत्पन्नापर्यंत सगळ्यांना. म्हातारे मतदानाला जातात आणि तरुण जात नाहीत, हे प्रत्येक पक्षाला पक्कं ठाऊक आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत. काटकसर करून घराचं डिपॉझिट साठवावं तर लाइफटाइम आयसा या सरकारी बचत योजनेतली घराच्या किमतीची मर्यादा २०१७ पासून ४,५०,००० पौंडांवरच अडकलेली. लंडनमध्ये त्यापेक्षा महाग घर घेतलं की स्वतःच्या पैशावरही २५ टक्के दंड.

---

सुमनकाकू

राघू, तुझा राग कळतो. पण मी पंच्याहत्तरीला आले आहे आणि माझीही बाजू आहे.

मी १९७३ मध्ये नर्स म्हणून बर्मिंगहॅमला आले. १९७९ मध्ये बँक रेट १७ टक्के होता, १९८९ ला १५. पगाराचा दिवस आला की घराचा हप्ता भरून हातात काय राहायचं ते मला विचार. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी किल्ल्या बँकेला दिल्या, कारण घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं झालं होतं. आणि पेन्शनचं म्हणशील तर १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने पेन्शनचं पगारवाढीशी असलेलं नातं तोडलं. वीस वर्षं ती मागे मागे पडत गेली. एप्रिल २००० मध्ये आठवड्याला ७५ पेन्स वाढ दिली होती तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी, ब्राउनसाहेबांनी! त्या काळी किती म्हातारी माणसं एकाच खोलीत हीटर लावून बसायची, हे मी जिल्हा नर्स म्हणून घरोघर जाऊन पाहिलंय. ट्रिपल लॉक त्यातून आला, हवेतून नाही.

माझ्या नणंदेचा जन्म १९५४ च्या शेवटचा. साठाव्या वर्षी पेन्शन मिळणार म्हणून तिने आयुष्य बेतलं आणि मिळाली सहासष्टाव्या वर्षी. तिच्यासारख्या लाखो बायका आहेत. त्यांची भरपाई सरकारने नाकारली.

पण लेस्टरकर, तुमचा एक मुद्दा मी पुढे नेते. आम्ही काउन्सिलच्या घरात होतो. १९८० च्या कायद्याने भाडेकरूला सवलतीत घर विकत घ्यायचा हक्क मिळाला, आम्ही घेतलं. कायद्याने दिलं ते घेतलं, त्यात काही गैर नव्हतं. गैर हे की विकलेल्या घरांच्या जागी काउन्सिलांना पुरेशी नवी बांधू दिली नाहीत. आज माझ्या नातवाच्या डिपॉझिटला मी हातभार लावला. त्याच्या वर्गातल्या मित्राची आजी आयुष्यभर भाड्याने राहिली, त्याला कोण देणार? भांडण म्हातारे-तरुण असं नाहीच. ज्या तरुणाच्या आजीकडे घर आहे आणि ज्याच्या आजीकडे नाही, या दोघांमधली दरी दरवर्षी वाढतेय.

---

मालवणी_मुलगी

काकू, शेवटचं वाक्य अगदी खरं. आमच्या ऑफिसात ज्यांनी तिशीच्या आत घर घेतलं त्यातल्या प्रत्येकाला घरून मदत झालीय. प्रत्येकाला. आम्ही बाहेरून आलेले, आमच्या आईवडिलांचं घर कणकवलीला, ते विकून इथल्या एका खोलीचं डिपॉझिट होत नाही.

---

अर्थवेडा

चर्चा चांगली चाललीय, थोडी भर घालतो.

घर आणि देश यांचं कर्ज एकाच मापाने मोजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीचपट होतं; आज ते साधारण एका वर्षाच्या उत्पन्नाइतकं आहे. त्या अडीचपट कर्जाच्या काळातच ५ जुलै १९४८ ला एनएचएस ही मोफत सरकारी आरोग्यसेवा उभी राहिली आणि लाखो काउन्सिल घरं बांधली गेली. १९४६ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या पावणेचार अब्ज डॉलरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २९ डिसेंबर २००६ ला गेला. म्हणजे १९८० मध्ये जन्मलेल्या माणसानेही आजोबांच्या युद्धाचं कर्ज फेडलं. पण त्याच्या बदल्यात त्याला दवाखाना मिळाला, शाळा मिळाली. पुढच्या पिढीवर कर्ज ठेवणं मुळात अन्याय नाही. त्या कर्जातून काय उभं केलं, हे पाहायचं.

याची काळी बाजूही आहे. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करताना गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई द्यायचं ठरलं, गुलामांना काहीच नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ मध्ये फिटला. ज्यांचे पूर्वज मळ्यांत राबले ते कॅरेबियनमधून आलेले करदातेही ते फेडत होते.

आणि आपला संबंध. युद्धाच्या काळात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सैन्याचा खर्च उधारीवर घेतला. युद्ध संपलं तेव्हा लंडनच्या खात्यात आपलं येणं एक अब्ज पौंडांहून जास्त होतं. त्यापोटी इथे नोटा छापल्या, महागाई भडकली आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्या महागाईचाही हात होता. येणं नंतर हळूहळू मिळालं, पण किंमत त्या वेळच्या गरिबाने आधीच मोजली होती. लेस्टरकरांनी जे म्हटलंय, की सरकारच्या वहीत न दिसणारं कर्ज दुबळ्याच्या अंगावर पडतं, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

विद्यार्थी कर्जाबद्दल एक हिशेबी गोष्ट. २०१८ पर्यंत सरकारी जमाखर्चात हे कर्ज "परत येणारे पैसे" म्हणून धरलं जायचं, त्यामुळे तूट वाढत नव्हती. उलट, न मिळालेलं व्याजसुद्धा उत्पन्न म्हणून दाखवता येत होतं. बुडीत भाग तीस वर्षांनी, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी अर्थमंत्र्याच्या कारकिर्दीत दिसणार. डिसेंबर २०१८ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने ठरवलं की जो भाग परत येणार नाही तो आजचाच खर्च म्हणून दाखवा. मग तूट एकदम अब्जावधींनी वाढलेली दिसली. प्रत्यक्षात एक पेनीही बदलली नव्हती.

राघू, ट्रिपल लॉकच्या गणिताशी सहमत. पण २०२२ ला तोच लॉक स्थगित केला होता, हेही लिही. त्या वर्षी ३.१ टक्केच मिळाले आणि ऑक्टोबरपर्यंत महागाई ११.१ वर गेली.

---

राघू

अर्थवेडा, मान्य, २०२२ चं राहिलं. काकू, तुमच्यावर राग नाही. पण १५ टक्के व्याजाची तुलना करताना मुद्दल किती होतं तेही पाहायला हवं. १९९७ मध्ये इंग्लंडमधलं मध्यम किमतीचं घर मध्यम वार्षिक पगाराच्या साडेतीनपट होतं. २०२४ मध्ये ७.७ पट. तुमचा हप्ता जड होता, पण महागाई आणि पगारवाढीने काही वर्षांत तो हलका झाला. आम्हाला आधी डिपॉझिटच जमत नाही. आणि ज्यांनी जमवलं त्यांना पंतप्रधान ट्रस आणि अर्थमंत्री क्वार्टेंग यांच्या सप्टेंबर २०२२ च्या बजेटनंतर दीड-दोन टक्क्यांचं कर्ज पाच-सहा टक्क्यांनी नव्याने घ्यावं लागलं. माझ्या मित्राचा हप्ता महिन्याला चारशे पौंडांनी वाढला. त्या घरात बाळ दोन महिन्यांचं होतं.

---

सुमनकाकू

साडेतीनपट आणि ७.७ पट, हे बरोबर सांगितलंस. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

एडिनबराचा_वारा

फक्त एवढंच सांगायचंय की हे सगळं अटळ नव्हतं. २०१३ मध्ये तोच दहा टक्क्यांचा खड्डा स्कॉटलंड आणि वेल्सलाही पडला. दोघांनी तो आपल्या बजेटमधून भरला आणि गरिबाची काउन्सिल टॅक्सची पूर्ण सूट चालू ठेवली. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश विद्यार्थ्याला पदवीची फी नाही. २०२१ पासून कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी दर आठवड्याला वेगळा भत्ता आहे. त्यासाठी बऱ्या पगारावर आम्ही इंग्लंडपेक्षा जास्त आयकर भरतो. मी भरतो, आणि मला तो जड जात नाही असं म्हणणार नाही, पण नातीच्या दारात बेलिफ यावा यापेक्षा हे बरं.

---

कोथरूडचा_बाबा

मी पुण्यातून वाचतोय. मुलगी मँचेस्टरला एमएस्सी करून आता ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करते. तिच्या शिक्षणासाठी फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलंय, हप्ता माझ्या निवृत्तीनंतरही चालणार. तिच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन-भत्त्यांसाठीची वर्गणी) कापला जातो, शिवाय व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार वर्षाला हजारावर पौंड. या न्याय-अन्यायाच्या हिशेबात आमच्यासारखे कुठे बसतात?

---

लेस्टरकर

बाबा, फार रास्त प्रश्न. परदेशी विद्यार्थ्यांच्या भरमसाट फीवर इथली विद्यापीठं इथल्या विद्यार्थ्यांचा आणि संशोधनाचा तोटा भरून काढतात. म्हणजे तुमचा कोथरूडचा फ्लॅट ब्रिटिश उच्चशिक्षणाला आधार देतोय. ही अतिशयोक्ती नाही, विद्यापीठं स्वतःच हे सांगतात. नॅशनल इन्शुरन्सचं असं आहे की पेन्शनला निदान दहा वर्षांचा भरणा लागतो. दोन-तीन वर्षांत परत आली तर तिला त्यातून काही मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराबरोबर दोन्ही देशांत दुहेरी वर्गणी भरणं टाळण्याचा करार ठरला, पण तो भारतातल्या कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या माणसांसाठी. इथे येऊन नोकरी मिळवणाऱ्याला नाही.

---

परतलेला_नाशिककर

पेन्शनवाले सगळे सुखात, असं समजणाऱ्यांसाठी. मी तिकडे अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पूर्ण वर्गणी भरली, निवृत्तीनंतर नाशिकला आलो. माझी ब्रिटिश पेन्शन सुरू झाली त्या दिवसाच्या आकड्यावर थांबली आहे. भारतात राहणाऱ्याला वार्षिक वाढ मिळत नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान इथेही नाही. अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये मात्र मिळते, कारण तिथे जुने करार आहेत. असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आहोत. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात प्रकरण गेलं, २०१० मध्ये तिथेही हरलो.

माझ्याबरोबर एकाच दिवशी निवृत्त झालेला सहकारी कॉव्हेंट्रीत राहिला. त्याची पेन्शन दरवर्षी वाढते आणि शिवाय आजारपणाचा खर्च एनएचएसवर. मी इथे असल्यामुळे ब्रिटनचा तो खर्चही वाचतो, आणि वाढही मलाच नाही. सरकारी बचत कोणाच्या खिशातून होते, याचं हेही एक उत्तर. परत यायचा विचार करणाऱ्यांनी हे आधी गणितात धरावं. आणि ज्यांची वर्षं कमी पडतात त्यांनी परदेशातून स्वस्तात वर्गणी भरायची सोय एप्रिल २०२६ पासून बंद, तेही पाहावं.

---

राघू

नाशिककर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं भरून हे? हा तर सरळ अन्याय आहे.

लेस्टरकर, मग तुमच्या मते करायचं काय?

---

लेस्टरकर

माझी मतं सांगतो, कोणाला पटतील, कोणाला नाही.

पेन्शन पगारवाढीशी जोडावी, महागाई भडकलेल्या वर्षी तात्पुरतं जास्त द्यावं आणि नंतर ते जुळवून घ्यावं. म्हणजे काकूंनी सांगितलेलं १९८० पुन्हा होणार नाही आणि राघूने सांगितलेली दुहेरी भरपाईही होणार नाही. पेन्शनच्या वयानंतर पगारावर नॅशनल इन्शुरन्स लागत नाही. सत्तर हजार कमावणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या संचालकाला ती माफी आणि पंचवीस हजारवाल्या केअररला कापणी, हे कुठल्याच तर्कात बसत नाही. पेन्शनचं वय वाढवायला मात्र माझा विरोध आहे. ते २०२६ ते २०२८ मध्ये ६७ होतंय. त्याचा फटका अंगमेहनत करणाऱ्यांना, लवकर थकणाऱ्यांना बसतो, आणि पैसेवाला त्याआधीच स्वतःच्या खासगी पेन्शनवर निवृत्त होतो.

सर्वात आधी काउन्सिल टॅक्स. इंग्लंडमध्ये तो अजून १९९१ च्या किमतींवर लावतात. सर्वात वरच्या गटातल्या घराला सर्वात खालच्या गटाच्या फक्त तिप्पट कर, घराची किंमत पन्नासपट असली तरी. दोन दशलक्ष पौंडांवरच्या घरांना २०२८ पासून अधिभार लागणार असं जाहीर झालंय, तो एक तुकडा. खरं काम म्हणजे नव्याने मूल्यांकन, आणि ते करायची हिंमत गेल्या तीस वर्षांत एकाही सरकारने केली नाही. दरम्यान काउन्सिलांची हालत अशी की बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे नाहीत म्हणून हात वर केले, मग दोन वर्षांत कर सुमारे अठरा टक्क्यांनी वाढवला आणि ग्रंथालयं, युवा केंद्रं यांच्यावर कुऱ्हाड चालवली. वृद्धांची देखभाल कायद्याने टाळता येत नाही, मुलांची खेळायची जागा टाळता येते. त्यामुळे कात्री नेहमी तिथेच लागते. त्या देखभालीचे पैसे पगारात धड उतरत नाहीत, म्हणून ती करणारी केअरर कर्जात. माझ्या टेबलावर ही साखळी पूर्ण दिसते.

---

सुमनकाकू

नॅशनल इन्शुरन्सबद्दल पूर्ण सहमत. मी सदुसष्टपर्यंत अर्धवेळ काम केलं, मला तो भरायला काहीच हरकत नव्हती. एका अटीवर, तो पैसा वृद्धाश्रमातल्या त्या पोरींच्या पगारात जायला हवा.

---

मालवणी_मुलगी

थोडं अवांतर, पण मदत हवी आहे. माझा चुलतभाऊ कॉव्हेंट्रीला स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. रूममेट सोडून गेला, काउन्सिल टॅक्सचे तीन हप्ते चुकले. काल "नोटिस ऑफ एन्फोर्समेंट" (बेलिफची वसुलीची नोटीस) आलीय. तो इतका घाबरलाय की व्हिसा जाईल म्हणतो. काय करावं?

---

लेस्टरकर

सर्वात आधी त्याला सांगा, काउन्सिल टॅक्सची थकबाकी म्हणून व्हिसा आपोआप जात नाही. आता क्रमाने.

त्या नोटिसीनंतर बेलिफला निदान सात दिवस थांबावं लागतं. ७५ पौंड लागलेच, पण या सात दिवसांत त्यांच्याशी लेखी हप्ते ठरवले तर २३५ वाचतात. तो दारात आलाच तर दार उघडायची सक्ती नाही. काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेला बेलिफ जबरदस्तीने आत येऊ शकत नाही, फक्त कोणी आत घेतलं किंवा दार उघडं, कुलूप न लावलेलं असलं तरच. म्हणून दार बंद ठेवावं. खिडकीतून किंवा पत्रपेटीतून बोलावं. गाडी असेल तर ती घरापासून लांब लावावी.

तो आता एकटाच राहतोय ना? मग एकट्याच्या घराची २५ टक्के सूट लगेच मागायची, रूममेट गेला त्या तारखेपासून. ती "पब्लिक फंड" (व्हिसावाल्याला बंद असलेली सरकारी मदत) धरली जात नाही, व्हिसाला धोका नाही. मात्र कमी उत्पन्नाची काउन्सिल टॅक्स सूट त्याने मागू नये. ती पब्लिक फंडमध्ये येते आणि त्याच्या व्हिसावर तशी बंदी असेल, ऑनलाइन ईव्हिसा तपासा. काउन्सिलचा फोनवरचा माणूस चांगल्या भावनेने ती सुचवेल, तरी नको.

तिसरं, ब्रीदिंग स्पेस. साठ दिवस वसुली, व्याज, दंड सगळं थांबतं, काउन्सिल टॅक्सची थकबाकीसुद्धा. ते स्वतः सुरू करता येत नाही, अधिकृत कर्ज-सल्लागारामार्फतच होतं. सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन, तिन्ही मोफत. इंटरनेटवर पैसे घेऊन "कर्जमुक्ती" विकणारे दिसतील, त्यांच्याकडे जाऊ नये. त्या साठ दिवसांत नव्याने देय होणारा काउन्सिल टॅक्स मात्र भरत राहावा लागतो, नाहीतर ब्रीदिंग स्पेस रद्द होऊ शकते.

पगाराच्या स्लिपा, बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि ती नोटीस हाताशी ठेवून उद्या सकाळीच फोन करू दे. सोमवारी लाइन मिळायला फार वेळ लागतो, बाकीच्या दिवशी लवकर मिळते.

---

मालवणी_मुलगी

खूप आभार. आत्ताच त्याला हे सगळं पाठवलं. २५ टक्क्यांचं त्याला माहीतच नव्हतं, रूममेट जानेवारीतच गेलाय म्हणे.

---

लेस्टरकर

मग जानेवारीपासूनची सूट मागायला सांगा. रूममेटने घर सोडल्याचा मेसेज किंवा भाडेकराराची प्रत पुरावा म्हणून चालते. थकबाकीतून तेवढी रक्कम वजा करून सुधारित बिल द्यायला सांगायचं आणि ते येईपर्यंत बेलिफकडचं प्रकरण काउन्सिलने परत बोलवावं अशी विनंती ईमेलने करायची. फोनवर नको, ईमेलनेच.